शिडी आणि झाड

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात भाषाविज्ञान शिकवताना आपण सगळेच फळ्यावर एक झाड काढतो. बुंध्याशी आदि-इंडो-युरोपीय, त्यावर संस्कृत व प्राकृते, पुढे अपभ्रंश आणि शेंड्याकडे मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली. झाड काढून होते, आणि मग आपण बोलू लागतो ते मात्र शिडीच्या भाषेत. प्रमाण मराठी ही 'विकसित' अवस्था, बोली ही 'अविकसित' अवस्था. वारली, कोकणा, कातकरी या बोली म्हणजे मराठीचे 'मागे राहिलेले' रूप. फळ्यावरचे चित्र आणि तोंडातले शब्द यांचा मेळ बसत नाही, हे आपल्या लक्षातही येत नाही.

पुण्या-मुंबईच्या वर्गात ही विसंगती कदाचित खपून जात असेल. जव्हार-मोखाड्याच्या परिसरात शिकवणाऱ्याला ती खपवून घेता येत नाही. समोर बसलेल्यांपैकी बरेचजण घरी वारली किंवा कोकणा बोलतात. आपल्या आईची बोली ही एका पायरीवर अडकून पडलेली भाषा आहे, असे वहीत उतरवून घेऊन त्यांनी तेच परीक्षेत लिहायचे, आणि त्याला आपण गुण द्यायचे, असा हा व्यवहार आहे. तो केवळ असंवेदनशील आहे असे मला म्हणायचे नाही. तो शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, असे म्हणायचे आहे. हे सांगण्यासाठी मी जीवशास्त्राचा आधार घेणार आहे. कारण झाडाचे चित्र गांभीर्याने घेतले तर काय काय मान्य करावे लागते, याचा सर्वांत कसून विचार त्या शास्त्राने केला आहे.

आरंभ स्वयंपाकघरापासून करू. पहिला पाऊस झाला की या भागातल्या बाजारात शेवळाच्या जुड्या येतात. शेवळ नीट शिजले नाही तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. सुरणही खाजतो, अळूही खाजते. तिथे चिंच किंवा आमसूल लागते. रांधणाऱ्या बाईच्या लेखी ही तिन्ही 'खाजरी' आहेत आणि तिघांवर उपाय आंबटाचा. वनस्पतिशास्त्रज्ञ या तिघांना एकाच कुलात घालतो, आणि त्यातही शेवळ व सुरण यांना एकाच प्रजातीत. तो पाहतो ती त्यांच्या फुलोऱ्याची घडण: जाड दांड्यावर दाटीने बसलेली बारीक फुले आणि त्या दांड्याभोवती एखाद्या खोळीसारखे गुंडाळलेले पान. खाजेचे कारणही तिघांत एकच, कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक. चुलीपाशी झालेले वर्गीकरण आणि वनस्पतिसंग्रहालयात झालेले वर्गीकरण इथे जुळते.

आता खाजकुयली घ्या. खाजेच्या बाबतीत ती या तिघांनाही मागे टाकील. पण तिची खाज शेंगेवरच्या लवेतून येते आणि ती स्वतः वाल-घेवड्याच्या कुलातली आहे. खाज तीच, पण वाट निराळी आणि घराणेही निराळे. खाजेच्या खुणेवर विसंबून आपण तिला सुरणाच्या पंगतीत बसवले असते तर फसलो असतो. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण वर्गीकरणशास्त्राच्या दारावर लावावी अशी आहे.

याचा अर्थ लोकांनी केलेले वर्गीकरण कच्चे असते असा नव्हे. अर्न्स्ट मायर हा पक्षिशास्त्रज्ञ १९२८ साली न्यू गिनीच्या आर्फाक पर्वतात पक्षी गोळा करीत होता. त्याने स्वतः १३७ जाती ओळखल्या. तिथल्या रहिवाशांकडे त्यांच्यासाठी १३६ नावे होती. रानात वावरणाऱ्याची नजर जात ओळखण्यात कमी पडत नाही. फरक आहे तो प्रश्नात. लोक विचारतात, हे कशाला उपयोगी, कशाने बाधते, कधी उगवते. डार्विननंतरचा जीवशास्त्रज्ञ विचारतो, हे कोणाच्या वंशातले. दोन्ही प्रश्न खरे आहेत. परंतु एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देता येत नाही, आणि आपला गोंधळ नेमका तिथे होतो.

लिनीयसला हा दुसरा प्रश्न पडलेला नव्हता. १७५३ साली वनस्पतींना आणि १७५८ साली प्राण्यांना त्याने सरसकट दोन शब्दांची नावे दिली. त्याची रचना डब्यात डबा, त्यात आणखी डबा अशी होती. मराठीत आपण त्या डब्यांना संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी नावे दिली. यातले जवळजवळ सगळे शब्द समाजव्यवहारातून उचललेले आहेत हे साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावे. 'जाती' हा शब्द तर विशेषच. जी जन्माने मिळते आणि बदलत नाही ती जात, हा अर्थ आपल्या हाडीमाशी इतका भिनलेला आहे की जीवशास्त्रातली 'जाती' बदलते, फुटते, तिच्यापासून दुसरी निपजते, हे मराठीतून सांगताना शब्दच आडवा येतो. लिनीयसच्या काळी तो आडवा आला नसता, कारण जाती स्थिर आहेत असेच त्या वेळी मानले जात होते.

डब्यात डबे का बसतात, याचे उत्तर १८५९ साली डार्विनने दिले. डब्यांची ती रचना ही खरे तर वंशावळ आहे. एका डब्यातले जीव एका पूर्वजाचे वंशज आहेत. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात एकच आकृती आहे, आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या रेषांची आहे. पुढे वर्गीकरणाच्या प्रकरणात डार्विन उदाहरण घेतो ते भाषांचे. माणसांची संपूर्ण वंशावळ उपलब्ध असती तर भाषांचे उत्तम वर्गीकरण तिच्यावरूनच झाले असते, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याच्या आधी काही वर्षे, १८५३ साली, आउगुस्ट श्लायखर या भाषाशास्त्रज्ञाने इंडो-युरोपीय भाषांचे झाड काढलेले होते. म्हणजे झाड ही जीवशास्त्राकडून आपण केलेली उसनवारी नाही. आपल्याही शास्त्रात ते तितकेच जुने आहे. जीवशास्त्राने त्याचे नियम पाळले आणि आपण पाळले नाहीत, एवढाच फरक.

झाडाचा पहिला नियम साधा आहे. आज जिवंत असलेली प्रत्येक जाती त्या झाडाच्या टोकावर आहे. एकही खालच्या फांदीवर थांबलेली नाही. मासा खाली, बेडूक त्याच्यावर, मग सरडा, मग माकड आणि सर्वांत वर माणूस, ही शिडी आहे. तिचा उगम युरोपात ॲरिस्टॉटलपर्यंत नेता येतो; आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यानंतर मिळणारा नरदेह आहेच. दशावतारांत उत्क्रांती दिसते असे हौसेने सांगणाऱ्यांनाही मत्स्य-कूर्म-वराह-नृसिंह या क्रमात शिडीच दिसत असते. आणि १९६५ साली रुडॉल्फ झालिंगर याने काढलेले, वाकलेल्या वानरापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतचे रांगेचे चित्र तर जाहिरातींपासून व्यंगचित्रांपर्यंत सर्वत्र पोचले. या चित्रामुळेच 'मग आजची माकडे माणसे का होत नाहीत?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. आजचे माकड आपला पूर्वज नाही. ते आपले भावंड आहे, लांबचे. माणूस आणि चिंपांझी यांचा समाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यानंतर दोघांनी सारखाच काळ काढलेला आहे. चिंपांझी आपल्यापेक्षा एका दिवसानेही 'जुना' नाही.

दुसरा नियम अधिक सूक्ष्म आहे आणि पाठचिकित्सा शिकलेल्या वाचकाला तो चटकन पटेल. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली तो पद्धतशीरपणे मांडला आणि १९६६ च्या इंग्रजी ग्रंथानंतर तो जगभर गेला. हेनिगचे म्हणणे असे की, साम्य आहे म्हणून नाते आहे असे म्हणता येत नाही. साम्य कोणत्या प्रकारचे आहे ते पाहिले पाहिजे. दोघांनी दूरच्या पूर्वजाकडून आलेली एखादी गोष्ट नुसती राखून ठेवली असेल, तर तिच्यावरून त्या दोघांची जवळीक सिद्ध होत नाही. दोघांत एखादी नवी गोष्ट सारखी असेल, जी इतरांत नाही, तरच त्या दोघांचा एक जवळचा पूर्वज असावा असे मानायला आधार मिळतो. मगर आणि पाल दोघींच्या अंगावर खवले आहेत, दोघींचे रक्त थंड. म्हणून शाळेत आपण दोघींना 'सरपटणारे प्राणी' म्हणतो. पण ही राखून ठेवलेली गोष्ट झाली. वंशाने पाहू जाता मगर पालीपेक्षा चिमणीला जवळची आहे. चिमणीच्या शाखेने रूप पार पालटले आणि मगरीने जुने पुष्कळसे राखले, म्हणून आपल्या डोळ्यांना ते नाते दिसत नाही.

पोथ्यांच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. दोन पोथ्यांत योग्य पाठ सारखा असेल तर त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. योग्य पाठ मुळातच होता, तो दोघींनी राखला. पण दोन पोथ्यांत एकच चूक असेल, एकाच जागी एकच ओळ गळलेली असेल, तर त्या एका पोथीवरून उतरल्या असल्या पाहिजेत. समान चूक ही नात्याची खूण, कारण चूक ही नवी गोष्ट असते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झालेल्या आणि १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे हाच विचार होता. वि. स. सुकथनकरांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत पोथ्यांच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील शाखांची वंशावळ मांडली, ती वाचताना हेनिगचा ग्रंथ अजून सतरा वर्षांनी यायचा होता हे आठवले की अचंबा वाटतो. पाठचिकित्सा, भाषाशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्हींची पद्धत एकच आहे, हे प्लॅटनिक आणि कॅमेरॉन यांनी १९७७ साली प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात स्वतंत्र निबंध लिहून दाखवले. १९९८ साली तर चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील एका भागाच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्रज्ञांच्याच संगणकप्रणालीने काढण्यात आली.

भाषेतले उदाहरण घरचेच आहे. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोन. म्हणून मराठी व गुजराती एकमेकींना जवळच्या, असे कोणी म्हणाले तर ते मगर-पालीसारखे होईल. तीन लिंगे संस्कृतातच होती; या दोघींनी ती राखली आणि हिंदीने नपुंसकलिंग सोडले. दोघींनी न टाकलेली वस्तू ही दोघींच्या विशेष जवळिकीचा पुरावा होत नाही. उलट मराठीतल्या 'गेला' मधला भूतकाळाचा 'ल' बंगालीतही आहे. त्यावरून ग्रियर्सनसारख्यांनी मराठीला पूर्वेकडच्या भाषांशी जोडून पाहिले आणि १९२६ साली सुनीतिकुमार चतर्जींनी त्या जोडणीला हरकत घेतली. तो वाद कोणत्या बाजूने सुटावा हा इथे विषय नाही. वाद 'साम्य आहे की नाही' याबद्दल नव्हता, तर 'ते कोणत्या प्रकारचे साम्य' याबद्दल होता, हे महत्त्वाचे.

हे नियम मनात ठेवून पुन्हा आपल्या रानात येऊ. मराठी कवितेत बकुळीला केवढा मान! सुकली तरी दरवळणारे फूल, आठवणींचे, विरहाचे, संस्कृत काव्यापासून चालत आलेले. मोहाच्या वाट्याला तो मान आला नाही. मोह म्हणजे आदिवासींचे झाड, मोह म्हणजे दारू, एवढीच त्याची नागर ओळख. वनस्पतिशास्त्रात मात्र दोघेही सॅपोटेसी या एकाच कुलातले. त्याच कुलात डहाणू-घोलवडचा चिकू आहे, जो मूळचा मध्य अमेरिकेतला. तिघांच्याही सालीत चीक आहे. आणखी बारकाईने पाहिले तर बकुळ आणि चिकू एकमेकांना अधिक जवळ येतात, मोह जरा लांबचा भाऊबंद ठरतो. आपली खिरणी तर चिकूच्याच प्रजातीतली. बागायतदार चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात आणि ते जीव धरते. समुद्रापलीकडून आलेल्याचे आणि इथल्या रानातल्याचे नाते झाडाच्या अंगानेच मान्य केलेले असते. अभिजात आणि रानटी, देशी आणि परदेशी, या आपल्या उतरंडी वंशवृक्षाला ठाऊक नसतात.

या प्रदेशातले दुसरे उदाहरण एका पक्ष्याचे. १८७३ साली ॲलन ह्यूम याने छत्तीसगडातल्या एका नमुन्यावरून लहानशा घुबडाचे वर्णन केले. आपल्या पिंगळ्यासारखेच ते, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत आणि पायांवर पिसे दाट. ह्यूमला ते इतके निराळे वाटले की त्याने त्याला निराळी प्रजातीच बहाल केली: हेटरोग्लॉक्स, म्हणजेच 'वेगळे घुबड'. मराठीत त्याला रानपिंगळा म्हणतात. १८८४ साली खानदेशात मिळालेल्या नमुन्यांनंतर तो नाहीसा झाल्यासारखा झाला. मध्ये एकच नोंद होती: १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण तो मिळवला, असे रिचर्ड माइनर्टझागन या सैनिकी अधिकारी-पक्षिसंग्राहकाने सांगितले होते. ही नोंद खोटी निघाली. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली सिद्ध केले की हा नमुना म्हणजे खानदेशात जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात मिळवलेला पक्षी होता. तो संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला नवी चिठ्ठी बांधण्यात आली होती. चोरी उघडकीस कशी आली? पेंढा भरण्याची डेव्हिडसनची विशिष्ट तऱ्हा कातड्यात शिल्लक राहिली होती. पुष्पिका बदलली, पण अक्षराचे वळण लपवता आले नाही, अशातलाच हा प्रकार.

मधल्या काळात, १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत दिसला होता. खात्रीच्या शेवटच्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी. पुढे २०१४ साली तो आपल्या शेजारच्या तानसा अभयारण्यातही आढळला. राहिला प्रश्न त्याच्या नावाचा. तो खरोखरच 'वेगळे घुबड' आहे का? २०१८ साली पंकज कोपर्डे, व्ही. व्ही. रॉबिन आदी संशोधकांनी डीएनएच्या आधारे उत्तर दिले: नाही. रानपिंगळा हा पिंगळ्यांच्या अथेनी या प्रजातीच्या घरातच बसतो. घराच्या ओट्यावर नाही, बाहेरही नाही, आत, इतर भावंडांच्या मध्ये. आज तो 'अथेनी ब्लेविटी' या नावाने ओळखला जातो. ग्रीकांच्या ज्ञानदेवतेचे नाव, आणि आपल्याकडे पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्याचे नाव. दोन्हींवर त्याचा हक्क आता पिंगळ्याइतकाच.

ज्याला 'वेगळा' म्हणून घराबाहेर ठेवले तो घरातलाच निघाला. बोलींचा विचार करताना मला ही गोष्ट आठवते. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात वारलीचा अंतर्भाव मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) आहे. प्रमाण मराठी आणि वारली यांचे नाते आई-मुलीचे नाही. दोघी जुन्या कोणत्यातरी समाईक बोलरूपातून आलेल्या, दोघींनी सारखाच काळ काढलेला. वारलीने काही जुने राखले असेल, प्रमाण मराठीने दुसरे काही जुने राखले असेल. दोघींनी नवेही केले असणार, कारण बोलली जाणारी भाषा नवे केल्यावाचून राहत नाही. म्हणून 'आदिम' हे विशेषण एखाद्या खुणेला, एखाद्या रूपाला लावता येते. संपूर्ण जिवंत भाषेला, जिवंत जातीला, जिवंत समाजाला लावता येत नाही. जीवशास्त्रज्ञ आता 'आदिम प्राणी' म्हणताना अडखळतात आणि 'आदिम लक्षण' म्हणतात. आपण मात्र 'आदिम बोली', 'आदिम कला' बेधडक लिहितो.

वारली चित्रकलेचे उदाहरण घ्या. दोन त्रिकोणांची माणसे पाहिली की लेखणी लगेच भीमबेटक्याच्या गुहेत शिरते. साध्या भूमितीय आकारांचे साम्य हे खाजकुयलीच्या खाजेसारखेही असू शकते, ही शंका कुणाला येत नाही. लग्नचौक भिंतीवर लिहिणाऱ्या सवाशिणींची परंपरा जुनी आहेच. पण जिव्या सोमा मशे यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती रेषा भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, विधीतली आकृती कथनाकडे वळवली, हे नवे होते. २०११ साली 'पद्मश्री' मिळालेला आणि २०१८ साली निवर्तलेला हा कलावंत मुंबईच्या कोणत्याही आधुनिक चित्रकाराचा समकालीन होता. त्याला अश्मयुगाचा वारस म्हणून गौरवणे म्हणजे त्याने जे केले ते न पाहणे.

सरकारी भाषेतही हा शब्द घट्ट रुतला आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमातींना केंद्राच्या इंग्रजी परिभाषेत असलेले 'आदिम' अर्थाचे विशेषण २००६ साली बदलून 'विशेष असुरक्षित' असे करण्यात आले. मराठीत 'आदिम जमाती' हा शब्दप्रयोग अजून सर्रास चालतो. 'आदिवासी' या शब्दाची गोष्ट निराळी. तो शब्द भूमीवरच्या पहिल्या हक्काबद्दल बोलतो आणि ज्यांचा आहे त्यांनी तो अभिमानाने स्वीकारला आहे. 'आदिम' हा शब्द हक्काबद्दल बोलत नाही. तो पायरी दाखवतो.

या मांडणीवर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, जीवशास्त्र आणि मानवी समाज यांची सांगड घातल्याचे परिणाम आपण भोगलेले आहेत. १८९१ साली रिस्लेने बंगालच्या जातिजमातींची नाके मोजून त्यावरून श्रेणी लावली. तेव्हाही शास्त्राचाच हवाला दिलेला होता. आक्षेप मान्य. म्हणूनच मी माणसांच्या वंशाबद्दल एक शब्दही बोलत नाही. वारली आणि ब्राह्मण या जीवशास्त्रीय जाती नाहीत. माणसाची जाती एकच. मी घेतो आहे ती पद्धत, आणि ती भाषेला, पाठाला, कलारूपाला लावतो आहे. शिवाय रिस्लेचे पाप झाड काढण्यात नव्हते. त्याने नाकांची शिडी लावली.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. भाषा झाडासारख्या वाढत नाहीत. त्या शेजारणीकडून उसने घेतात. वारलीवर गुजरातीचा, भिलीचा, मराठीचा हात फिरलेला असणार. योहानेस श्मिटने १८७२ सालीच झाडाऐवजी लाटांची उपमा सुचवली होती. सुकथनकरांनीही कबूल केले की महाभारताच्या पोथ्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की निर्भेळ वंशावळ अशक्य आहे. हेही खरे. पण जीवशास्त्रालाही हा अनुभव आहे. जिवाणू एकमेकांना जनुके देतात, वनस्पतींत संकर होतात, गहू हाच मुळी संकरातून आलेला. तिथे झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतून जाळे होते. झाडाच्या जागी जाळे आले तरी शिडी परत येत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. जाळ्यातही आजचा प्रत्येक धागा आजचाच असतो.

मग करायचे काय? माझ्या सूचना लहान आहेत. पाठचिकित्सा शिकवताना एक तास जीवशास्त्रातल्या वंशवृक्षाला द्यावा. जमल्यास प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याला वर्गावर बोलवावे आणि मगर-पालीचे कोडे त्यालाच घालू द्यावे. बोलींवर प्रकल्प देताना 'तुमच्या बोलीतले जुने शब्द गोळा करा' हा ठरीव विषय काही वर्षे बाजूला ठेवावा. जुने शब्द गोळा करायला सांगणे म्हणजे बोलीला संग्रहालय मानणे. त्याऐवजी 'तुमच्या बोलीने नवे काय केले, जे पुण्याच्या मराठीत नाही आणि शेजारच्या कोकण्यातही नाही' असे विचारावे. हा प्रश्न अवघड आहे. त्यासाठी तीन-चार बोली शेजारी ठेवून पाहाव्या लागतात, आजीचे बोलणे आणि नातवाचे बोलणे दोन्ही ऐकावे लागते. पण नाते ठरते ते याच प्रश्नाने, आणि तो सोडवायला जव्हारच्या विद्यार्थ्याइतका योग्य माणूस विद्यापीठाच्या भाषाविभागातही सापडायचा नाही. त्याला चार बोली घरात, बाजारात आणि एस.टी.च्या थांब्यावर फुकट ऐकायला मिळतात.

आणि उत्तरपत्रिकेत 'बोली म्हणजे प्रमाणभाषेचे अविकसित रूप' हे वाक्य आले तर त्याला गुण देऊ नयेत. ते वाक्य आपणच शिकवलेले असते. त्यामुळे ते प्रथम आपल्या टिपणवह्यांतून काढावे लागेल. फळ्यावरचे झाड बरोबरच आहे. ते काढून झाल्यावर बोलतानाही त्याच्याकडे पाहून बोलावे, इतकेच.